मी सकाळी अर्धी घेतो

मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. हे पाहुण्यांना पटावं म्हणून मी त्यांना माझ्या रक्ताचा रिपोर्ट दाखवला, आणि तो पाहून त्यांची खात्रीच पटली की मी पितो.

आता सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुमचाही तसाच समज व्हायचा.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. पण सुरतेत, भेस्तानला राहून इतकी वर्षं झाली की गावी गेलो की लोक मला ‘सुरती’ म्हणतात, आणि इथे मी अजून ‘मराठीभाई’च आहे. एका कारखान्यात मी पॉलिस्टरचं सूत तपासतो. सूत किती जाड, किती बारीक, हे आम्ही डेनियरमध्ये मोजतो. डेनियरचा आकडा मोठा, म्हणजे सूत जाड. आकडा लहान, म्हणजे सूत बारीक. एवढं एकच ज्ञान माझ्याजवळ आहे आणि त्याच्यावर माझं घर चालतं. (हे लक्षात असू द्या. पुढे याच ज्ञानाने माझा घात केला.)

तर मागच्या उन्हाळ्यात मला झोप येऊ लागली. झोप मला आधीही यायची, त्या बाबतीत मी घरात प्रसिद्धच आहे. पण आता ती वेळकाळ पाहीना. कारखान्यात सुताच्या कोनावर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर, गाल टेकून मी डुलक्या काढू लागलो. तोंड सुजल्यासारखं दिसायचं. आवाज घोगरा झाला आणि जीभ जड. एक वाक्य सुरू केलं की ते संपेपर्यंत समोरचा चहा पिऊन यायचा. आणि सगळ्यात कहर म्हणजे मला थंडी वाजायची. सुरतेत, भर मे महिन्यात! मी स्वेटर घालून कामावर जायला लागलो. दारावरचा वॉचमन रोज विचारायचा, “केम भाई, काश्मीर जवानुं छे?”

माझी बायको शोभा अजून आमच्या गावाकडच्या अहिराणीतच बोलते, आणि तिचं निदान तयार होतं. “तुमना आळस वाढी गया, दुसरं काही नही.”

मुलगी पल्लवी मात्र बापाचं ऐकून घेणारी. ती मला ओढून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, “तुमची थायरॉइडची ग्रंथी सुस्त झाली आहे.”

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! ग्रंथी सुस्त होती, मी नव्हे! इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून बोलणी खाल्ली, ती गळ्यातल्या दुसऱ्याच कुणाची तरी चूक निघाली. मी घरी आलो तो रिपोर्ट झेंड्यासारखा धरूनच. शोभाला म्हणालो, “वाच. आळशी कोण आहे ते वाच.”

“गळा तुमनाच शे ना?” ती म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

शेजारचे सुकदेवनाना बातमी ऐकून लगेच आले. नानांना बरीच वर्षं शुगर आहे, त्यामुळे आमच्या सोसायटीत रिपोर्ट वाचायचा मान त्यांचा. कुणाच्याही घरी लॅबचा कागद आला की तो आधी नानांकडे जातो, मग डॉक्टरांकडे. त्यांनी माझा रिपोर्ट लांब धरून पाहिला आणि नाक मुरडलं. “हाऊ ते बायास्ना रोग शे,” ते म्हणाले. म्हणजे थायरॉइड बायकांना होतो, पुरुषाला होणं शोभत नाही. मी तेही हसत सोसलं. आळशी म्हणवून घेण्यापेक्षा ते परवडलं.

डॉक्टरांनी गोळी दिली होती आणि नीट समजावून सांगितलं होतं: रोज पहाटे, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर तासभर तरी चहा नाही, खाणं नाही. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आणि रिपोर्ट त्यांना दाखवायचा. मी “हो, हो” म्हणालो. खरं सांगायचं तर मला त्यातलं ‘पहाटे’ आणि ‘घ्यायची’ एवढंच ऐकू आलं होतं. (सुस्त ग्रंथीच्या माणसाकडून जास्त अपेक्षा करू नये.) आमच्याकडे पहाटे चहा असतो. मग गोळीही चहाबरोबर, आणि चहा आहे म्हणून खारीही.

दुसऱ्यांदा रक्त तपासलं. रिपोर्ट पल्लवीच्या मोबाइलवर आला. त्यात ‘टीएसएच’ नावाच्या ओळीत एक भला मोठा आकडा लाल अक्षरात होता आणि त्याच्या पुढे तितकाच लाल ‘एच’. म्हणजे हाय. पल्लवी म्हणाली, “पप्पा, डॉक्टर बहारगाम गया छे. ए आवे पछी पूछीशुं.” डॉक्टर परत आले की विचारू, एवढं सरळ होतं. पण डॉक्टर येण्याआधी नाना आले.

“टीएसएच म्हणजे काय?” नानांनी मलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. “त्यात ‘टी’ आहे. टी म्हणजे थायरॉइड. थायरॉइड वाढलाय तुझा.”

“मग काय करायचं, नाना?”

“माझी शुगर वाढली की मी काय करतो? गोड कमी करतो. तुझ्या गोळीत काय असतं?”

“थायरॉइडच असतो म्हणे.”

“झालं तर! जे वाढलंय तेच तू रोज वरून गिळतोस. अर्धी कर.”

माझ्या डेनियरवाल्या डोक्याला हे लख्ख पटलं. आकडा मोठा म्हणजे माल जाड. आता बारीक करायचा. मी तिथल्या तिथे सूत कापायची कातर काढली आणि गोळीचे दोन तुकडे केले.

“डॉक्टरले विचारा ना पहिले,” शोभा म्हणाली.

“विचारायचं काय त्यात? आकडा वाढला की कमी करायचा, हे मी रोज करतो.”

“तुम्ही माणूस शेत का सूत?” (‘शेत’ म्हणजे ‘आहात’.)

डॉक्टर गावाहून परतले, पण मी काही गेलो नाही. प्रश्नच सुटलेला होता, मग उगाच त्यांना कशाला त्रास! पल्लवीने दोनदा विचारलं, तर मी “सगळं बारीक होत आलंय” असं सांगून तिला वाटेला लावलं. बारीक काहीच होत नव्हतं. मी आणखी सुजलो, आणखी झोपू लागलो आणि स्वेटरखाली बंडी घालायला लागलो.

नेमकं याच सुमाराला पल्लवीचं स्थळ आलं.

पल्लवी कतारगामला हिऱ्यांच्या एका ऑफिसात कामाला आहे. ती दिवसभर गुजराती बोलते, भांडायचं असलं की हिंदीत भांडते, आणि अगदी मनातलं काही असलं तरच मराठीत बोलते. मुलगा हजीऱ्याला एका कंपनीत होता, दोघं भेटली होती. मी कसं वाटलं विचारलं तर ती खाली बघून म्हणाली, “मुलगा चांगला आहे, पप्पा.” शुद्ध मराठीत! तिथेच मी समजलो. शिवाय मुलगा इथलाच, म्हणजे पोरगी लग्नानंतरही सुरतेतच राहणार, मनात आलं की भेटता येणार. मला हे स्थळ फार म्हणजे फार हवं होतं. आता फक्त मुलाचे आईवडील धुळ्याकडून येणार होते आणि त्यांना आमचं घर पाहून होकार द्यायचा होता.

ते रविवारी सकाळी आले. मुलाला ड्युटी होती, म्हणून दोघंच. वडील आत्मारामभाऊ, सूतगिरणीतून निवृत्त झालेले, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं मोजकं. आई सुमनताई, हसऱ्या. शोभाने कौतुकाने सुरती लोचो केला होता. (लोचो म्हणजे डाळीचा, वाफवलेला, मऊ पदार्थ. आम्ही लोचो खायला बोलावलं आणि लोचा करून बसलो.) नाना न बोलावता आले होते.

शोभाने सुमनताईंना स्वयंपाकघर दाखवायला आत नेलं आणि बाहेर आम्ही पुरुष उरलो. आत्मारामभाऊ माझ्याकडे निरखून पाहत होते. घामाच्या धारा लागलेल्या खोलीत मी स्वेटर घालून बसलेलो. डोळे सुजलेले. “प्रवास… कसा… झाला…” हे विचारायला मला बराच वेळ लागलेला. ते हळूच माझ्याजवळ सरकले आणि आवाज खाली करून म्हणाले, “सुभाषभाऊ, राग मानू नका. पण तुम्ही… घेता का?”

मला वाटलं, पल्लवीने मुलाला सांगितलं असणार आणि मुलाने बापाला. पहिल्याच भेटीत व्याही औषधाची चौकशी करतो! मला भरून आलं.

“घेतो ना,” मी म्हणालो. “त्यात लपवायचं काय?”

“रोज?”

“रोज. एक दिवस चुकवत नाही.”

“संध्याकाळी?”

“छे, सकाळी. उठल्या उठल्या. संध्याकाळी घेऊन काय उपयोग?”

आत्मारामभाऊंनी हातातली लोचोची बशी खाली ठेवली. “आणि… किती?”

“आधी अख्खी घ्यायचो. आता अर्धीवर आलोय.”

“घरात माहीत आहे?”

“बायकोच हातात देते. ती विसरली तर पल्लवी आठवण करते. पोरीचं फार लक्ष आहे माझ्याकडे.”

“पण इथे, गुजरातमध्ये, मिळते कशी?”

मला प्रश्न थोडा विचित्र वाटला. धुळ्याच्या माणसाने सुरतेला इतकं मागास समजावं? “सगळीकडे मिळते,” मी जरा ताठ होऊन म्हणालो. “आमच्या नाक्यावरच दुकान आहे. मी महिन्याची एकदम आणून ठेवतो.”

“नुसतीच घेता?”

“नाही, नाही. चहाबरोबर. सोबत खारी.”

इथे नानांना राहवलं नाही. “अर्धी कर म्हणून मीच सांगितलं याला. मला अनुभव आहे ना. मी तर दोन वेळा घेतो, जेवणाच्या आधी.”

आत्मारामभाऊंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. ते काहीतरी बोलू लागले होते. काय ते मला सांगता येणार नाही, कारण तेवढ्यात माझं डोकं अलगद त्यांच्या खांद्यावर टेकलं आणि मी झोपलो.

जाग आली तेव्हा आत्मारामभाऊ उभे होते. सुमनताई पिशवी घेऊन उभ्या होत्या. शोभा ट्रे हातात धरून उभी होती. आणि स्वयंपाकघराच्या दारात पल्लवी होती. ती फक्त “पप्पा” म्हणाली. मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत हा शब्द सारखाच आहे, पण तो कुठल्या भाषेतला होता हे मला कळलं.  आपल्या हाताने आपण पोरीचं सुख घालवलं, असं वाटलं आणि झोप खाडकन उडाली. महिनाभर अर्ध्या गोळीने जे झालं नव्हतं, ते तिच्या तोंडाकडे पाहून झालं.

“आम्ही निघतो,” आत्मारामभाऊ म्हणाले. “मुलगी गुणाची आहे, तिच्याबद्दल काही नाही. पण जिथे सकाळपासून घ्यायची सवय आहे…”

शोभाच्या डोक्यात उजेड पडला. “अहो भाऊ, ते गोळीनं सांगी राहिनात! गोळी लेतस ते!”

“गोळ्यासुद्धा?” आत्मारामभाऊ एक पाऊल मागे सरले.

“तशी नव्हे, औषधाची!” मी ओरडलो. म्हणजे ओरडायचा प्रयत्न केला. माझ्या जड जिभेतून ते असं काही बाहेर पडलं की नाना मान खाली घालून बसले. “पल्लवी, रिपोर्ट दाखव! रक्ताचा रिपोर्ट! रक्त खोटं बोलत नाही!”

पल्लवीने मोबाइल पुढे केला. आत्मारामभाऊंनी खिशातून चष्मा काढला. निवृत्त झाले तरी हाडाचे गिरणीवाले, कागद पाहिल्याशिवाय माल परत पाठवणार नाहीत. त्यांनी पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“हे लाल अक्षरात काय आहे?”

“तेच ते,” मी म्हणालो.

“असायला हवं एवढंसं, आणि आहे केवढं! रक्तात? आणि पुढे हे एच?”

“हाय,” मी म्हणालो.

“म्हणजे तपासायला गेलात त्या दिवशीही…”

“सकाळी घेऊनच गेलो होतो,” मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

आत्मारामभाऊंनी मोबाइल बायकोच्या हातात दिला, जणू आता बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सुमनताईंनी तो डोळ्यांजवळ नेला. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत बिचाऱ्या. पण त्या हसत होत्या. हसता हसता त्या पिशवीसकट पुन्हा खाली बसल्या.

“अहो, हे टीएसएच आहे,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मी रोज पहाटे घेते ना, तीच गोळी यांना आहे. बघा ना, तोंड कसं सुजलंय, थंडी वाजतेय. मलाही असंच झालं होतं, आठवतं? तुम्ही तेव्हा मला काय म्हणाला होतात?”

आत्मारामभाऊंना आठवलं असावं, बहुतेक शोभाचंच निदान. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“भाऊ, गोळी चहाबरोबर घेता?” सुमनताईंनी मला विचारलं.

“हो.”

“अरे देवा. दुधाच्या चहाबरोबर ती अंगी कशी लागणार? आणि अर्धी कोणी केली?”

“मीच, कातरीने. वाढलं होतं ना, म्हणून…”

“टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड घटला! उलटं असतं ते.”

सुकदेवनाना उठले. “मनी पाण्यानी मोटर चालू राहिनी,” असं म्हणून ते घरची मोटर बंद करायला जे गेले, ते त्या दिवशी दिसलेच नाहीत.

मला काही केल्या कळेना. आकडा वाढला तर माल कमी कसा? सुमनताईंनी मग शोभाकडे बोट दाखवलं. “सकाळी भाऊ उठत नाहीत तेव्हा वहिनी काय करतात?”

“ओरडते,” मी म्हणालो.

“तरी नाही उठले तर?”

“आणखी मोठ्याने ओरडते.”

“टीएसएच म्हणजे ते ओरडणं. थायरॉइड झोपला की मेंदू त्याच्यावर ओरडतो. तो आकडा वहिनींच्या आवाजाचा आहे, तुमच्या कामाचा नाही. त्या इतक्या ओरडतायत, आणि तुम्ही गोळी आणखी अर्धी केलीत!”

“तरीच,” शोभा म्हणाली. “मना आवाज तेच सांगी राहिंता इतला दिवस.”

 आत्मारामभाऊंचा चेहरा हळूहळू सैल झाला. “म्हणजे आमच्या काउंटसारखं,” ते पुटपुटले. “कापसाच्या सुताचा काउंट जितका मोठा, तितकं सूत बारीक. आकडा वर, माल खाली.”

“आणि आम्ही डेनियरवाले,” मी कपाळावर हात मारला. “आमच्यात आकडा वर, माल वर.”

“पॉलिस्टर!” आत्मारामभाऊ म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी माझी सगळी चूक माफ केली. मग ते खाली बसले, लोचोची बशी पुन्हा उचलली, आणि आम्ही दोघं कापूस चांगला की पॉलिस्टर यावर जे भांडलो, ते त्यांच्या गाडीची वेळ होईपर्यंत. भांडता भांडता मी दोनदा झोपलो. दोन्ही वेळा त्यांनी खांदा पुढे केला. जाताना सुमनताईंनी पल्लवीच्या हातात नारळ ठेवला आणि मला दम दिला, “उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे. आणि कातर वहिनींकडे देऊन टाका.”

डॉक्टर काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. त्यांनी शांतपणे सुरुवात केली होती, पण ‘सूत कापायची कातर’ इथपर्यंत आल्यावर त्यांचंच टीएसएच वाढलं. गोळी पुन्हा अख्खी झाली. पहाटे, पाण्याबरोबर. चहा तासाभराने, तोवर मी चहाच्या कपाकडे बघत बसायचं. पुन्हा रक्त तपासलं, डॉक्टरांनी गोळी किंचित वाढवली, पुन्हा तपासलं, आणि एक दिवस रिपोर्टमधलं सगळं लाल जाऊन काळं झालं. तोंडाची सूज उतरली, जीभ हलकी झाली, स्वेटर ट्रंकेत गेला.

पण एक नुकसान झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी शोभाने पांघरूण ओढलं. मी म्हणालो, “अगं, ग्रंथी…”

“ग्रंथी कवयनी उठी गई,” ती म्हणाली, म्हणजे केव्हाचीच उठली. “आते तुम्ही ऊठा.” माझा आळशीपणाचा दाखला रद्द झाला होता.

पल्लवीची हळद भेस्तानलाच झाली. बेंजोचा बँड लागला आणि अंगात किती महिन्यांचं साठलेलं होतं कुणास ठाऊक, मी नाचलो. डोक्यावर पाण्याचा तांब्या ठेवून नाचलो, वरातीतल्या घोडीसारखा पाय आपटत नाचलो, नानांना खांद्यावर घ्यायला गेलो आणि दोघंही मांडवाच्या कनातीत गुंडाळून पडलो. पल्लवी हसून हसून डोळे पुसत होती, तिच्या गालावरची हळद सगळी ओली झाली होती. तिला तसं पाहून मी आणखी एक फेरी मारली.

आत्मारामभाऊ गर्दीतून वाट काढत आले. मला कनातीतून बाहेर ओढलं आणि कानाशी लागून म्हणाले, “व्याही, खरं सांगा. आज घेतलीय ना?”

“घेतलीय,” मी धापा टाकत म्हणालो. “पहाटे. उपाशीपोटी. नुसत्या पाण्याबरोबर. अख्खी.”

त्यांनी शोभाकडे वळून पाहिलं. “वहिनी, रिपोर्ट नॉर्मल आहे ना यांचा?”

“एकदम नॉर्मल शे.”

“मग हे असं?”

शोभाने माझ्या डोक्यावरून कनातीची दोरी काढली, मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “हाई कोनताच रिपोर्टमा येस नही, भाऊ.”